अण्णा मगदूम आणि एकोणीस व्होल्ट

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे आदगोंडा मगदूम, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, कुणाच्याही घरी गेले की लगेच बसत नाहीत. पाणीही घेत नाहीत. चप्पल काढतात आणि सरळ भिंतीकडे जातात. शर्टाच्या खिशातून मल्टिमीटर काढतात, त्याची दोन टोकं प्लगच्या भोकांत घालतात आणि चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचतात. ‘दोनशे अडतीस. बसतो,’ असं म्हणून मग खुर्ची ओढतात. आकडा अडीचशेच्या वर निघाला तर मात्र बसत नाहीत. उभ्याउभ्याच काय ते काम सांगतात, ‘सांभाळून ऱ्हावा,’ म्हणतात आणि निघून जातात.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा मी क्लासला गेलो होतो. दार माझ्या बायकोनं, सुनंदानं उघडलं. ती चहा ठेवून बाहेर येते तर पाहुणे गुडघ्यांवर बसून आमच्या फ्रिजच्या मागे शिरलेले. तिला वाटलं, वीज मंडळाचा माणूस असणार. म्हणून तिनं गेल्या महिन्यात लाइट किती वेळा गेली याची सविस्तर तक्रार केली. अण्णांनी ती फ्रिजच्या मागूनच पूर्ण ऐकून घेतली आणि मग सांगितलं, ‘मी खालचा मगदूम. शेजारी म्हणून आलोय.’

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात त्यांनी उभी हयात मेंटेनन्सला काढली. मोठमोठ्या यंत्रांची नाडी बघायची आणि ती का झोपली ते सांगायचं, हे काम. निवृत्त होऊन राजारामपुरीत आले आणि यंत्रं गेली तरी नाडी बघायची खोड काही गेली नाही. आता घरीच सर्किट दुरुस्त करतात. मुलगा बेंगळुरूला असतो. घरात हे एकटे आणि टेबलावर उघडी पडलेली गल्लीतली निम्मी यंत्रं.

विजेबद्दल अण्णांचं स्वतःचं एक शास्त्र आहे आणि ते मी शिकवतो त्या शास्त्रापेक्षा पटकन कळतं. ‘व्होल्टेज म्हंजे पावणा हाय, मास्तर. पावणा आला म्हणून रागवायचं न्हाय, पर मोजून आत घ्यायचा. दोघं येतो म्हणला आन् धा जण घिऊन आला, तर दारातच थांबवायचा. न्हाईतर चूल बंद पडंल.’ त्यांचं दुसरं ठेवणीतलं वाक्य म्हणजे ‘मोजल्याबिगर बोलू नये’. हे ते विजेबद्दल म्हणतात, आंब्यांबद्दल म्हणतात आणि गल्लीत कुणाचं कुणाशी जमलंय अशी बातमी आली तरी हेच म्हणतात.

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते तेव्हाची गोष्ट त्यांच्या भावकीत अजून सांगतात. पोह्यांच्या बशा आल्या, मुलगी आली, नाव-गाव विचारून झालं. ‘अण्णा, तुम्ही काहीतरी बोला की,’ असं कुणीतरी म्हणालं. अण्णा तोवर सोफ्यामागच्या प्लगशी काम उरकून आले होते. ते म्हणाले, ‘पोरगी झ्याक हाय. पर न्यूट्रल ढिला हाय.’ मुलीच्या मामांच्या हातातली बशी तशीच राहिली. अण्णांनी मग कोट काढला, स्टूल मागवला, मीटरच्या बोर्डावरचा न्यूट्रल वायरीचा स्क्रू आवळला, परत मोजलं आणि हात धुऊन पोहे खाल्ले. लग्न झालं. त्या घरातला टीव्ही त्यानंतर एकदाही जळला नाही, असं मुलीचे वडील कौतुकानं सांगतात.

अण्णा जैन आहेत आणि त्यांचा धर्म देवळापेक्षा दुरुस्तीच्या टेबलावर जास्त दिसतो. एकदा आमचा स्टॅबिलायझर त्यांच्याकडे दिला. दोन दिवस झाले, तीन झाले. विचारायला गेलो तर स्टॅबिलायझर टेबलावर झाकण काढून ठेवलेला आणि शेजारी गुळाचा खडा. अण्णा खुर्चीवर हात बांधून बसलेले.

‘काय झालं, अण्णा?’

‘आत मुंग्यांनी बिऱ्हाड केलंय. भाईर निघाल्यात. निम्म्या आल्या, निम्म्या याच्या हाईत.’

‘फुंकर मारा की!’

‘अंडी घिऊन चालल्यात, मास्तर. घाई करून कसं चालंल?’

शेवटची मुंगी गुळावर पोचल्याशिवाय त्यांनी बटण दाबलं नाही. स्टॅबिलायझर पाचव्या दिवशी मिळाला.

त्यांचे आणखी दोन नियम आहेत. पहिला, सूर्य मावळला की सोल्डरिंगची इस्तरी खाली. दिव्याला किडे येतात, तापलेल्या टोकावर पडतात, ते पाप नको. दुसरा नियम दारावरच खडूनं लिहिलेला आहे: ‘वस्तू मालकानेच आणावी.’ दुसऱ्याच्या वस्तूला त्याला विचारल्याशिवाय हात लावला तर ती चोरीच, मग हेतू काहीही असो. दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई सासूबाईंचा बिघडलेला मिक्सर घेऊन आल्या होत्या. ‘सासूबास्नी इचारलंसा का?’ ‘नाही अण्णा, त्यांना सरप्राइज द्यायचंय.’ ‘मग आदी त्यास्नी सांगा, आन् मग सरप्राइज द्या,’ असं म्हणून अण्णांनी मिक्सर परत पाठवला.

हा दुसरा नियम ऐकून मी पुष्कळ हसलो होतो. पुढे तो माझ्यावरच उलटला.

त्याचं असं झालं. सुनंदा वारणानगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. सोमवार ते शनिवार ती तिकडेच क्वार्टरमध्ये राहते, शनिवारी दुपारी घरी येते. गेले अकरा पावसाळे ती पीएचडी करते आहे आणि विषय आहे बेडकांचे आवाज. जिल्ह्यातली डबकी, विहिरी, ओढे, उसाचे पाट, कुठे कुठला बेडूक काय ओरडतो हे सगळं तिनं रेकॉर्ड केलेलं. या अकरा पावसाळ्यांत माझं काम छत्री धरायचं. बेडकांत फक्त नर ओरडतो, मादी गप्प बसून ऐकते आणि निवड करते, ही माहिती मला याच कामात मिळाली. आपल्याकडे नेमकं उलट आहे असं मी म्हणून बघितलं होतं, पण ते तिला फारसं रुचलं नाही.

हे सगळे आवाज एका हार्ड डिस्कमध्ये होते. एकाच. ‘दुसरी कॉपी करून ठेवा’ असं ती मला तीन वर्षं सांगत होती, कारण घरात कॉम्प्युटरमधलं मला कळतं असा आमचा दोघांचा समज. पुढच्या मंगळवारी तिची तोंडी परीक्षा होती आणि परीक्षकांनी मूळ रेकॉर्डिंग ऐकायला मागितलं होतं. त्यातली निम्मी डबकी आता बुजली आहेत. तिथे घरं झाली आहेत, एका ठिकाणी तर मंगल कार्यालय आहे. म्हणजे पुन्हा जाऊन रेकॉर्ड करू म्हटलं तरी ते बेडूक आता तिथे नाहीत.

शेवटी गुरुवारी दुपारी मला सुबुद्धी झाली. नवी डिस्क आणली, जुनी कपाटातून काढली आणि कॉपी करायला बसलो. जुन्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो. पिशवीत दोन अडॅप्टर होते, दोन्ही काळे, दोन्हींची पिन सारखीच. एक डिस्कचा, बारा व्होल्टचा. दुसरा लॅपटॉपचा, एकोणीसचा. मी लॅपटॉपचा लावला.

आवाज वगैरे काही झाला नाही. निळा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. मग फोडणी करपल्यासारखा बारीकसा वास आला. मी अडॅप्टर उलटा करून त्यावरचा आकडा वाचला. एकोणीस. मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. त्याच दिवशी सकाळी फळ्यावर विभवांतर, म्हणजे व्होल्टेजच, शिकवून आलो होतो.

बाजारातल्या एका दुकानात दाखवली. तिथल्या माणसानं डिस्क कानाशी धरून हलवली आणि ‘गेली’ म्हणाला. मुंबईला पाठवा, महिनाभर लागेल, गॅरंटी नाही. शुक्रवारी चार वाजता मी ती पिशवीत घालून अण्णांच्या दारात उभा राहिलो.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. अडॅप्टर मागून घेतला, मोजला. ‘एकोणीस पॉइंट चार,’ म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

‘मास्तर, तुमी पोरास्नी काय शिकवतासा?’

मी पिशवीतून डिस्क काढून पुढे केली.

‘डिस्क कुणाची?’

‘आमचीच.’

‘आमची म्हंजे? आत बेडकं कुणाची हाईत?’

‘सुनंदाची.’

‘मग त्यास्नी फोन लावा.’

मी परोपरीनं सांगून बघितलं. तिची परीक्षा आहे, ती घाबरेल, आधी दुरुस्त होतेय का ते तरी बघू, मग सांगूच की. अण्णांनी बोट दाराकडे केलं, खडूच्या अक्षरांकडे. मी फोन लावला.

तिला सगळं सांगितलं. पलीकडे कॉलेजची घंटा झाली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. घंटा थांबल्यावर ती म्हणाली, ‘तुम्ही जेवलात का?’

‘नाही.’

‘फोन अण्णांना द्या.’

अण्णांनी फोन दोन्ही हातांनी धरला. ‘वैनी, आदगोंडा मगदूम बोलतोय. तुमची डिस्क जळलीया. मी उघडू का? … व्हय. … व्हय, हितंच बसल्यात, तोंड पडलंय. … एक इचारू? ती बेडकं धरून मारली न्हाईत न्हवं? … नुसती ऐकलीसा? मग झालं. … व्हय, आता त्यास्नी हात लावू देत न्हाय.’

फोन ठेवून त्यांनी स्क्रू काढायला घेतले. डिस्कच्या पोटाखाली तळहाताएवढी हिरवी सर्किटची पट्टी होती. अण्णांनी डोळ्याला सोनाराचं भिंग लावलं आणि मल्टिमीटरची टोकं दीड तास एकेका ठिकाणी टेकवत राहिले. पिन शिरते त्या कोपऱ्यात तुरीच्या डाळीएवढा एक काळा तुकडा होता. तिथे टोकं टेकवताच मल्टिमीटर ‘टीऽऽ’ करून ओरडायला लागला आणि थांबेचना.

‘ह्यो बगा. मेलाय.’

‘कोण?’

‘राखणदार. ह्याचं कामच त्ये. मापातलं व्होल्टेज असलं की ह्यो गप उभा. मापाभाईर आलं की सगळं सोतावर घेतो आन् मरतो. मरताना दार लावून घेतो. म्हणून डिस्क चालू व्हईना झालीया.’

‘मग आतलं सगळं वाचलंय?’

‘मोजल्याबिगर बोलू नये,’ अण्णा म्हणाले. पण त्यांचा आवाज जरा खाली आला होता आणि माझा जीव थोडासा जागेवर आला.

तो मेलेला तुकडा काढला की काम झालं. अण्णांनी इस्तरी तापायला लावली. ती तापली, त्यांनी ती हातात घेतली, खिडकीबाहेर बघितलं आणि प्लग काढून टाकला. समोरच्या इमारतीवरचं ऊन गेलं होतं.

‘अण्णा, दोन मिनिटांचं काम आहे हो!’

‘दिवाळी हून गेली तरी किडं हटलं न्हाईत. दिवा लावला की येत्यात.’

‘मग इस्तरी नको. पकडीनं उपटून काढा.’

‘उपटल्यावर खालचा पट्टा उखडला म्हंजे? तवा कुणाला फोन लावायचा?’ त्यांनी डिस्कवर स्वच्छ फडकं घातलं. ‘उद्या सकाळी. जावा, जेवा आता. वैनीनी सांगितलंय.’

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. सकाळी खाली गेलो तर सुनंदा माझ्या आधीच तिथे हजर. वारणानगरहून पहिल्या एसटीनं निघून, वर घरी न येता ती थेट अण्णांकडेच आली होती. पिशवी मांडीवर घेऊन टेबलासमोर बसलेली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो.

अण्णांनी आंघोळ, पूजा आटोपलेली होती. खिडकीतून टेबलावर चांगलं ऊन आलं होतं. इस्तरी टेकवली, चिमट्यानं तो काळा तुकडा अलगद उचलला आणि बशीत ठेवला. पुन्हा मोजलं. या वेळी मल्टिमीटर गप्प राहिला. मग त्यांनी स्वतःच्या जुन्या कॉम्प्युटरचं पोट उघडलं आणि डिस्कला जोडायच्या वायरीही आधी मोजल्या.

‘बारा पॉइंट शून्य आठ. येऊ दे पावणा.’

त्यांनी बटण दाबलं. एक क्षण काहीच नाही. मग आतून बारीक घरघर सुरू झाली, वाढली आणि एका सुरात लागली. अण्णांनी दोन बोटं डिस्कच्या पाठीवर ठेवली. ‘फिरतीया,’ ते म्हणाले.

सुनंदा उठून माझ्याजवळ आली आणि तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. दुखत होतं याचाच मला आनंद होता. इतकं हलकं मला माझ्या बारावीच्या निकालालासुद्धा वाटलं नव्हतं.

पडद्यावर अकरा पावसाळ्यांच्या फोल्डरांची नावं आली. ‘नुसतं दिसलं म्हंजे झालं न्हाय,’ अण्णा म्हणाले. ‘एखादं वाजवून बगा.’ सुनंदानं पहिलं जे दिसलं ते उघडलं. लांबवर पाण्याचा आवाज, रातकिडे, आणि मग अगदी कानाशी दबकं बोलणं:

‘अहो, हलू नका. … छत्री नीट धरा. माझ्यावर नको, माइकवर. … पाय चिखलात गेला तर जाऊ दे, नंतर काढू.’

मग मी मोठ्यानं शिंकलो. मी म्हणजे रेकॉर्डिंगमधला मी.

‘झालं! तरी सांगत होते मफलर घ्या.’

त्यानंतर कुठे एक बेडूक ओरडला.

सुनंदा कानापर्यंत लाल झाली. ‘हे नाही, हे खराब झालेले आहेत,’ ती घाईघाईनं म्हणाली. ‘मी मध्ये बोलले की ते रेकॉर्डिंग वाया जातं. ते सगळे “खराब” म्हणून वेगळे ठेवलेत. पुसून टाकायचेच होते.’

मला हसू आवरत नव्हतं. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं होतं. ‘परत लावा की,’ ते म्हणाले. तिनं परत लावलं. त्यांनी मान जरा तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं.

‘राखणदार न्हाय आता,’ मग त्यांनी बजावलं. ‘लगोलग नव्या डिस्कमदी उतरवून घ्या आन् हिला पेन्शन द्या.’ सगळं उतरायला तीन तास लागले. आम्ही तिघं पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकताना बघत बसलो होतो. अण्णांनी चहा केला. सुनंदा माझ्याशी बोलायला लागली होती, म्हणजे अडॅप्टरवर चिठ्ठ्या का चिकटवल्या नाहीत हे विचारायला लागली होती. इतकं बरं वाटत होतं की मी सगळ्याला हो म्हणत होतो.

निघताना ती म्हणाली, ‘अण्णा, तुमचे उपकार कसे फेडू?’

अण्णा वायरी गुंडाळत होते. ‘एक कॉपी द्या मला. वाजवायला.’

‘देते की! राधानगरीच्या बाजूचा एक फार सुंदर आलाय, एकदम स्वच्छ. तो देते.’

‘स्वच्छ नगं. ती खराबवाली द्या.’

‘अहो, त्यात बेडूक धड ऐकू येत नाहीत. सगळं माझंच बोलणं.’

‘बेडकं आमच्या मळ्यात बी लई वरडत्यात,’ अण्णा म्हणाले. वायर नीट गुंडाळलेली होती, ती त्यांनी परत सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. ‘आमची ही जाऊन चार वरसं झाली. दिसभर बोलायची. ह्ये असं धरा, तितं पाय ठिवू नका, स्वेटर घाला. मी म्हणायचो, जरा गप ऱ्हा की, मोजू दे. आता गपच हाय सगळं.’

सुनंदा पुन्हा खुर्चीवर बसली. ‘खराब’ नावाचं सगळंच्या सगळं तिनं त्यांच्या कॉम्प्युटरवर उतरवलं आणि ते कसं वाजवायचं हे त्यांना दोनदा दाखवलं. जिना चढताना तिनं माझा हात धरला होता.

मंगळवारी परीक्षा उत्तम झाली. परीक्षकांनी डोळे मिटून बेडूक ऐकले म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेढ्यांचा पुडा घेऊन अण्णांकडे गेलो. दार लोटलेलं होतं, खिडकी उघडी होती. बेल वाजवायला हात वर केला तर आतून सुनंदाचा आवाज आला. ती वारणानगरला होती हे आठवायला मला एक क्षण लागला.

‘छत्री नीट धरा.’

‘धरलीया की,’ आत अण्णा म्हणाले.

मी पेढे तसेच हातात धरून वर आलो आणि वारणानगरला फोन लावला. सुनंदानं उचलल्या उचलल्या विचारलं, दुपारी झोपायचं सोडून हे काय चाललंय. मी म्हटलं, तू बोल, मी ऐकतोय.